थोरला, मधला, धाकटा: तीन जीपीएस युनिट आणि एकच फ्लाइट प्लॅन

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

विमान रंगकामासाठी उघडलंय. पॅनेल बाहेर आलंय आणि तिन्ही जीपीएस युनिट पुढचे सहा आठवडे माझ्या टेबलावर असणार आहेत. दोन सीटचं, स्वतः बांधलेलं विमान आहे, त्यामुळे पॅनेलमध्ये जसजसं मिळत गेलं तसतसं बसवलेलं सामान. नोंदींमध्ये मॉडेल नंबर लिहीत बसत नाही, नावंच देतो.

थोरला: जुना, दोन नॉबवाला, ऑटोपायलट याचं ऐकतो. मधला: टचस्क्रीनवाला, मोठा नकाशा याच्यावर. धाकटा: हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा, बाकी सगळं बंद पडलं तर घरी आणणारा. शिवाय एक टॅबलेट, ज्यावर आदल्या रात्री फ्लाइट प्लॅन, म्हणजे कोणकोणत्या बिंदूंवरून जायचं त्याची यादी, बनतो.

हा उद्योग कशासाठी, तर गेल्या महिन्यात उड्डाणाच्या आधी मी मधल्यातला एक वेपॉइंट (प्लॅनमधला बिंदू) बदलला आणि थोरल्यातला बदलायचा राहिला. वर गेल्यावर नकाशावरची रेघ सरळ जातेय आणि विमान मात्र शांतपणे डावीकडे वळतंय. हवा स्वच्छ होती, जमीन दिसत होती, म्हणून फक्त हसू आलं. ढगात असतो तर आलं नसतं.

ध्येय: प्लॅन एकदाच भरायचा, तिन्हीकडे तोच दिसला पाहिजे. मध्ये एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यावर पायथनमधला प्रोग्रॅम. टेबलावर काय वाटेल ते करू, पण विमानात कायमची जाणारी प्रत्येक वायर परवानाधारक इंजिनिअर बघेल आणि मगच बसेल, हे आधीच ठरवलंय.

आज फक्त १३.८ व्होल्टचा बेंच सप्लाय, फ्यूज आणि अँटेना खिडकीत. तिन्ही युनिट सुरू झाले. ३ तास.

रविवार, ३ ऑगस्ट

धाकट्यापासून सुरुवात केली, कारण त्याला सिरियल पोर्ट आहे आणि तो एनएमईए ०१८३, म्हणजे अशा उपकरणांची साध्या अक्षरी वाक्यांची भाषा, बोलतो. सोपं वाटलं होतं.

पहिले दोन तास नुसता कचरा. यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावला, वेग ४८०० बॉड ठेवला, स्क्रीनवर प्रश्नचिन्हं आणि चौकोन. बॉड बदलून पाहिला, केबल बदलली, धाकट्याला शिव्या घालून झाल्या. मग मल्टिमीटर लावला, जो खरं तर पहिल्या मिनिटाला लावायचा होता. लाइन शांत असताना पिनवर उणे साडेपाच व्होल्ट. म्हणजे हे खरंखुरं आरएस-२३२ (सिरियल पोर्टची जुनी, जास्त व्होल्टेजची पद्धत), आणि माझा अडॅप्टर ३.३ व्होल्ट टीटीएलचा (चिपांची कमी व्होल्टेजची पद्धत). दोघांची पातळी वेगळी आणि तर्कही उलटा: आरएस-२३२ शांत असताना ऋण असतं, टीटीएल शांत असताना धन. कचरा दिसणारच.

अडॅप्टर तेवढ्यात मेला होता. ‘एकदा उलटं करून बघू’ म्हणून सेटिंगमध्ये सिग्नल उलटवला आणि दुसरा अडॅप्टरही तसाच थेट लावला. तोही मेला. उलटवल्याने तर्क सुधारतो, व्होल्टेज नाही, हे मला ठाऊक होतं. तरी केलं.

मध्ये लेव्हल बदलणारी चिप टाकल्यावर पहिल्या झटक्यात वाक्यं वाचता आली. नव्याने करणाऱ्यांनी आधी मीटर लावा, मग अडॅप्टर. ५ तास, २ अडॅप्टर.

बुधवार, ६ ऑगस्ट

धाकट्याला प्लॅन पाठवायला दोन प्रकारची वाक्यं लागतात. डब्ल्यूपीएल म्हणजे एकेका बिंदूचं नाव आणि जागा, आरटीई म्हणजे त्या नावांचा क्रम. प्रत्येक वाक्याच्या शेवटी चेकसम, म्हणजे वाक्य धड पोचलं का ते तपासायचा आकडा. हे सगळं संध्याकाळी तासाभरात लिहून झालं, आणि धाकट्याने प्लॅन घेतलाही. फक्त सगळे बिंदू भलत्याच ठिकाणी.

चूक शाळकरी होती. एनएमईएत अक्षांश अंश आणि मिनिटं चिकटवून येतो. ४५ अंश ३० मिनिटं म्हणजे ४५३०.०००. टॅबलेट दशांश अंशात देतो, म्हणजे तोच बिंदू ४५.५. मी भाषांतर न करता फक्त दशांश चिन्ह सरकवत होतो, त्यामुळे ४५.५ चे ४५ अंश ५० मिनिटं झाले. वीस मिनिटांचा फरक, म्हणजे वीस नॉटिकल मैल. जे बिंदू पूर्ण अंशावर होते ते मात्र बरोबर बसले, म्हणून पहिल्या चाचणीत मला सगळं ठीक वाटलं होतं. चाचणीसाठी गोल आकडे कधीही घेऊ नका.

दुसरी अडचण लांबीची. एनएमईए वाक्य ८२ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. माझ्या प्लॅनमध्ये २० बिंदू, पाच-पाच अक्षरी नावं, वर स्वल्पविराम; नावांचीच १२० अक्षरं. मी एकच लांबलचक आरटीई पाठवत होतो आणि धाकटा ते निमूटपणे फेकून देत होता. एरर नाही, आवाज नाही. वाक्य तोडून ‘तीनपैकी पहिलं, तीनपैकी दुसरं’ असे क्रमांक घातले की झालं.

तिसरी वेगाची. ४८०० बॉडवर सेकंदाला ४८० अक्षरं जातात. वीस डब्ल्यूपीएल एका दमात पाठवली की सुमारे ८०० अक्षरं होतात, आणि धाकट्याच्या पोटात अकराव्या बिंदूनंतर जागा उरत नाही. आता सेकंदाला एकच बिंदू पाठवतो, शेवटी आरटीई. पंचवीसेक सेकंद लागतात. कुठे घाई आहे? ४ तास.

शनिवार, ९ ऑगस्ट

परवा, ७ तारखेला, एअरॅक चक्र २५०८, म्हणजे हवाई मार्ग आणि बिंदूंच्या माहितीची ठरावीक काळाने येणारी नवी आवृत्ती, लागू झालं. थोरला आणि मधला, दोघांचे डेटाबेस त्याच दिवशी बदलले. हे इथे लिहून ठेवतो कारण पुढे लागणार आहे. (लागलंच.)

आज दुतर्फा सिंक करायचं ठरवलं. नियम साधा: कुठेही बदल झाला की तो दुसरीकडे जाईल, आणि दोन्हीकडे बदल झाला असेल तर नवा जिंकेल. नवा कोणता, ते वेळेच्या शिक्क्यावरून.

धाकटा प्रत्येक वेळी हरत होता. काही केलं तरी त्याच्यातला बदल टॅबलेटकडे जाईना. तीन तास कोड चाळला. शेवटी शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “अरे, त्याच्या घड्याळाकडे बघितलंस का?” धाकट्याच्या मते आज २४ डिसेंबर २००५ होता.

जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा आकडा दहा बिटांचा असतो. १०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. शेवटचं वळण ६ एप्रिल २०१९च्या रात्री आलं. त्यानंतर ज्या जुन्या युनिटला सॉफ्टवेअर मिळालं नाही ते १०२४ आठवडे मागे राहतात. वार बरोबर, तास-मिनिट बरोबर, जागा बरोबर, फक्त तारीख साडेएकोणीस वर्षं जुनी. बिचारा जे काही सांगेल ते शिळंच ठरणार.

वेळेचा शिक्का काढला, त्याऐवजी आवृत्ती क्रमांक ठेवला. बदल झाला की एक वाढवायचा. चाललं. खूश होऊन रात्री सगळं सुरू ठेवून झोपलो.

सकाळी आवृत्ती ४१२.

रात्रभर कोणी काही बदललं नव्हतं. टॅबलेट जागा देतो दशांश अंशात, पण स्वतःकडे ठेवतो अंश-मिनिट-सेकंदांत, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. धाकटा मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. टॅबलेटचा आकडा धाकट्याकडे गेला की तो आपल्या मापात बसवून घेतो, परत आला की वेगळा दिसतो, म्हणून ‘बदल झाला’, म्हणून टॅबलेटकडे, तो आपल्या मापात बसवतो, पुन्हा वेगळा, पुन्हा बदल. बिंदू मीटरभरही हलला नव्हता आणि दोघं रात्रभर एकमेकांना दुरुस्त करत बसले होते. ७ तास, रात्र सोडून.

रविवार, १० ऑगस्ट

कोड न लिहिता नुसता विचार केला, चहाच्या तीन कपांएवढा. या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी दिवस हाच.

एका म्यानात दोन तलवारी ठेवायचा हट्ट सोडला. दुतर्फा सिंक रद्द. मालक एकच, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रश्न उरला, मालक कोण.

मी आत्तापर्यंत टॅबलेटला मालक धरून चाललो होतो, कारण त्यावर बोटाने प्लॅन काढणं सुखाचं. पण थोरल्याला बाहेरून प्लॅन घेताच येत नाही. त्याच्यात बिंदू घालायचा एकच मार्ग: नॉब फिरवा. टॅबलेट मालक असला तरी थोरल्यात मी हातानेच भरणार, आणि चूक होते ती नेमकी तिथेच. मात्र थोरला बोलू शकतो. त्याच्या मागच्या कनेक्टरवरून एरिंक ४२९ (विमानातली उपकरणं एकमेकांशी ज्यावरून बोलतात ती पद्धत) बाहेर पडतं आणि त्यात अख्खा फ्लाइट प्लॅन असतो.

म्हणजे ज्याला ऐकू येत नाही, त्यालाच बोलू द्यायचं. थोरल्यात हाताने भरा, तिथून वाचा, मधल्याला आणि धाकट्याला द्या. ऑटोपायलट ज्याचं ऐकतो तोच खरा प्लॅन ठरतो, हा वरचा फायदा. टॅबलेट फक्त कागदासारखा, बघून भरण्यापुरता.

आणखी एक कटकट आपोआप मिटली. टॅबलेटवर मी स्वतःच्या बिंदूंना लांब नावं देत होतो, आणि थोरल्याच्या पाच अक्षरांत पुलाची उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू दोन्ही नुसता ‘पूल’ होऊन बसत होत्या. आता नाव जन्मालाच पाच अक्षरांचं येतं.

बुधवार, १३ ऑगस्ट

मधल्याला प्लॅन एसडी कार्डवरून जातो. फाइल एक्सएमएलची, म्हणजे खुणा घालून मांडलेला मजकूर: वर बिंदूंचा तक्ता, प्रत्येकाचं नाव, प्रकार, देश-कोड आणि दशांश अंशात जागा, खाली मार्ग, म्हणजे त्याच बिंदूंचा क्रम.

कार्ड दिसेना. ६४ जीबीचं घेतलं होतं, ते एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं. जुनं ८ जीबीचं फॅट३२ केलेलं घातलं, लगेच दिसलं. मग फाइल दिसली पण उघडेना: मार्गाचं नाव मी छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा सोडून लिहिलं होतं. सगळं मोठ्या अक्षरांत, जागा काढली, उघडली.

नकाशावर मात्र जुनाच प्लॅन. अर्धा तास फाइल तपासल्यावर कळलं की आयात झालेला प्लॅन यादीत जाऊन बसतो, तो सक्रिय वेगळा करावा लागतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. ही पायरी मी मुद्दाम तशीच ठेवली, आपोआप करायचा मार्ग शोधला नाही. कोणीतरी माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय प्लॅन बदलू नये.

रविवार, १७ ऑगस्ट

एरिंक ४२९. दोन पिळलेल्या वायरी आणि बाहेरून जाळी. एक बोलणारा, जास्तीत जास्त वीस ऐकणारे. प्रत्येक शब्द ३२ बिटांचा, पहिले आठ बिट लेबल (शब्दात कोणती माहिती आहे त्याचा क्रमांक), शेवटचा पॅरिटी (शब्द धड पोचला का ते तपासायचा). लेबल अष्टमान पद्धतीत लिहितात. वेग दोनच: सेकंदाला साडेबारा हजार बिट किंवा एक लाख.

सकाळ शून्यात गेली. रिसीव्हर चिप वरच्या वेगावर ठेवली होती, थोरला खालच्या वेगाने बोलत होता. वेग बदलला, शब्द आले, पण प्रत्येक बिट उलटा, शून्याचा एक आणि एकाचा शून्य: दोन वायरींची अदलाबदल. सोल्डर काढून पुन्हा लावल्या.

मग बिट सुलट, पॅरिटी बरोबर, पण एकही लेबल ओळखीचं नाही. मी ३१० शोधत होतो, कारण ते विमानाची सध्याची जागा, अक्षांश. थोरल्याला उपग्रह दिसत होते, म्हणजे ते यायलाच हवं. त्याऐवजी ०२३ नावाचं काहीतरी ठरावीक तालात येत होतं. कागदावर लिहून पाहिलं. ३१० म्हणजे ११००१०००. उलट वाचा: ०००१००११. म्हणजे ०२३.

एरिंकमध्ये लेबलचे बिट बाकी शब्दाच्या उलट क्रमाने जातात. हे वाचलेलं होतं, पण चिप ते स्वतः सुलटं करते असं मी गृहीत धरलं. काही चिप करतात, माझी करत नाही. एक ओळ बदलली आणि ३१०, ३११ धावू लागले. टेबलाची जागा, रेखांशासकट. ८ तास गेले पण झोप छान लागली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

बुधवारपासून रोज संध्याकाळी इथेच अडकलोय. अकरा तास. सविस्तर लिहितो, कारण हे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये.

प्लॅन असा येतो: ०७४ लेबलने यादी सुरू होते आणि किती बिंदू येणार ते कळतं. मग प्रत्येक बिंदूसाठी ३०४मध्ये नावाची पहिली तीन अक्षरं, ३०५मध्ये पुढची तीन, ३०६मध्ये अक्षांश, ३०७मध्ये रेखांश. वाचायला सरळ.

पहिलं लक्षण: नावं अर्धवट बरोबर. दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं अक्षर नीट. पहिलं आणि चौथं मात्र कधी बरोबर, कधी चूक. चुकीतही पद्धत होती. ई, एफ, जी यांतलं काहीही असलं तरी डी दिसायचा. आय, जे, के असेल तर एच. ए, बी, सी असेल तर ईमेलमधलं ॲटचं चिन्ह. वायरीत आवाज येतोय म्हणून जाळी पुन्हा ग्राउंड केली. वायर छोटी केली. बेंच सप्लाय बदलला. आवाज असता तर चूक रोज वेगळी आली असती. ही रोज तीच होती. ते मनात येऊनही मी वायरींच्याच मागे होतो, कारण सोल्डर करताना काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दुसरं लक्षण वेगळंच समजून वेगळ्या वहीत लिहिलं होतं: जागा किंचित चुकताहेत, पन्नास-साठ मीटरपर्यंत, आणि ७६ मीटरच्या पायऱ्यांनी उडी मारताहेत. याला मी ‘थोरला म्हातारा आहे’ असं कारण देऊन मोकळा झालो होतो.

आज दुपारी काम करता करता दोन्ही वह्या शेजारी पडल्या. एका शब्दातल्या २० बिटांत १८० अंश बसवले की एक पायरी येते सुमारे १९ मीटरची. माझी ७६ची. १९ चोक ७६. चारपट, म्हणजे दोन बिट गायब. आणि चार अक्षरांचं एकच अक्षर होणं म्हणजेही दोन बिट गायब!

एरिंक शब्दात नववा आणि दहावा बिट बहुतेक वेळा ‘हे कोणत्या युनिटसाठी’ एवढं सांगायला असतात. मी सगळीकडे ते कापून टाकत होतो. पण ३०४सारख्या लेबलात सात बिटांची तीन अक्षरं, म्हणजे २१ बिट भरायचे असतात, आणि अक्षांश-रेखांशाला २० बिट अधिक चिन्ह. तेवढी जागा पुरायची तर ते दोन बिटही माहितीलाच द्यावे लागतात. माझा कोड पहिल्या अक्षराचे खालचे दोन बिट खात होता आणि जागेचेही. थोरल्याची माफी मागितली.

आणखी एक छोटं. नॉब फिरवत असताना अर्धा भरलेला प्लॅन वाचला जातो. आता तीच यादी लागोपाठ दोनदा जशीच्या तशी आली तरच स्वीकारतो.

रविवार, २४ ऑगस्ट

थोरला नाव आणि जागा देतो, देश-कोड देत नाही. मधल्याच्या फाइलला तो लागतो. म्हणून डेटाबेसच्या यादीत नाव शोधून कोड घालायचा. मी नावावरून पहिला सापडेल तो घेतला आणि मधल्याने चार हजार नॉटिकल मैलांचा एक लेग (दोन बिंदूंमधला टप्पा) दाखवला. दोन अक्षरी, तीन अक्षरी रेडिओ-बीकनची नावं जगात पुन्हा पुन्हा वापरलेली असतात. पाच अक्षरी नावंच तेवढी एकेकटी असावीत असा नियम आहे.

आता नाव जुळलं पाहिजे आणि जागाही दशांश एक नॉटिकल मैलाच्या आत असली पाहिजे. १९ मीटरच्या पायरीला ही सवलत भरपूर आहे आणि दुसऱ्या खंडातला बीकन तिच्यात बसत नाही. एकही जुळला नाही किंवा दोन जुळले तर प्रोग्रॅम थांबतो आणि तांबडा दिवा लावतो. अंदाज करत नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

तिन्हीकडे प्लॅन जुळला. बिंदू तेच, क्रम तोच, एकूण अंतर तेच. पण त्याच लेगसाठी थोरला दिशा ०८७ अंश दाखवतो आणि मधला ०८९.

दोन संध्याकाळी मी हे दोन अंश माझ्या कोडमध्ये शोधले. ते तिथे नव्हतेच. प्रत्येक युनिट खऱ्या उत्तरेवरून दिशा काढतो आणि मग आपल्या पोटातल्या चुंबकीय मॉडेलने ती होकायंत्राच्या दिशेत बदलतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सरकत असतं, म्हणून वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल दर पाच वर्षांनी नवं येतं, सध्याचं २०२५चं. थोरल्याच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल फार जुनं आहे. खात्री करायची युक्ती: दोघांनाही दिशा ‘ट्रू’मध्ये दाखवायला सांगा. सांगितलं. दोघांवर एकच आकडा. रेघ एकच आहे, आकड्याचं लेबल वेगळं.

हे आधी माहीत असतं तर ५ तास वाचले असते. तुलना करायची ती अंतराची आणि जागांची, दिशेची नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

काल २५०९ लागू झालं. मधल्याचा डेटाबेस लगेच बदलला, थोरल्याचं कार्ड राहिलं. मुद्दाम नाही, आळस. आज जुना प्लॅन पाठवला तर तांबडा दिवा. थोरल्यातला एक पाच अक्षरी बिंदू नव्या डेटाबेसमध्ये नाहीच. तो मार्ग बदलला आणि बिंदू गेला.

दिवा लागला हे बरं झालं, पण प्रोग्रॅमचं म्हणणं होतं ‘बिंदू सापडला नाही’, आणि मी तासभर स्पेलिंग तपासत बसलो. आता सुरुवातीलाच दोन्ही चक्रांचे आकडे मी हाताने टाकतो आणि ते वेगळे असतील तर पुढे काही होतच नाही. चक्र २८ दिवसांचं, नेहमी गुरुवारी बदलतं. गुरुवार कॅलेंडरवर टाकले.

रविवार, ७ सप्टेंबर

अप्रोच आणि निर्गमनाच्या, म्हणजे उतरायला येतानाच्या आणि निघतानाच्या ठरलेल्या प्रक्रिया सिंक करायच्या का? नाही. तासाभरात निर्णय झाला.

बिंदूंच्या यादीत बसत नाही असं त्यांच्यात खूप असतं. ‘इतक्या उंचीपर्यंत याच दिशेने चढा’ या लेगला शेवटची जागाच नसते. विमान जिथे त्या उंचीला पोचेल तिथे तो संपतो. वर्तुळाकार तुकडे, घिरट्या, कोणत्या बिंदूवरून थेट जायचं आणि कोणता आतून कापायचा, हे अक्षांश-रेखांशात मावत नाही. यादीतून पाठवलं तर नकाशावर अप्रोचसारखं काहीतरी दिसेल, आणि तेच जास्त वाईट. धावपट्टीच्या जवळचं सगळं प्रत्येक युनिटच्या स्वतःच्या डेटाबेसमधून, हाताने. माझं सिंक पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंतच्या वाटेपुरतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

पॅनेल परत बसलं. ४२९ची जोडी इंजिनिअरनेच ओढली, ऐकणारी बाजू फक्त; रास्पबेरी पायच्या माझ्या डब्यातून थोरल्याकडे काहीही जाऊ शकत नाही अशी. त्यांनी विचारलं, “तुमचा डबा बंद पडला तर काय होईल?” डब्याचा फ्यूज काढून दाखवला. काहीच झालं नाही. “मग ठीक आहे,” म्हणाले आणि पुढच्या वायरीकडे वळले.

जमिनीवर पूर्ण चाचणी. भागीदाराने थोरल्यात १४ बिंदू नॉबने भरले, नऊ मिनिटं. कार्ड तयार व्हायला काही सेकंद, मधल्यात घालून सक्रिय करायला एक मिनिट, धाकट्याला वीसेक सेकंद. मग त्यालाच थोरल्यावरची नावं मोठ्याने वाचायला सांगितली, मी मधल्यावर बोट ठेवत गेलो. शेवटी तिन्हीवरचं एकूण अंतर: दोन सारखे, धाकटा ०.१ मैलाने वेगळा. पण वाचताना नवव्या बिंदूवर भागीदार थांबला होता आणि म्हणाला होता, “हा मी भरलाच नव्हता.” भरला होता, पण शेवटच्या अक्षरात चूक करून, त्या नावाचा दुसरा बिंदू खरोखर अस्तित्वात आहे आणि चूक तिन्ही युनिटांवर अगदी इमानदारीने पोचली होती. मोठ्याने वाचणं चेकलिस्टमध्ये घातलं, सिंकच्या नंतरची पायरी म्हणून.

हिशेब: ६१ तास, त्यातले निम्म्याहून जास्त वर लिहिलेल्या चुकांचे. दोन अडॅप्टर गेले, एक ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात गेलं.

राहिलेलं काम: हवेत असताना थोरल्यात ‘डायरेक्ट टू’ (थेट अमुक बिंदूकडे) दाबलं की मधल्याला ते कळत नाही, कार्ड तर जमिनीवरच बदलायचं. सध्या तेवढं हाताने. पुढचं चक्र २५१०, २ ऑक्टोबर. थोरल्याचं कार्ड किल्लीच्या कडीला बांधून ठेवलंय.